फेर्मिनची सुई ठरत नाही

फेर्मिन उगाल्दे मोटरसायकलवरून उतरला की हेल्मेट काढायच्या आधी, पाणी प्यायच्या आधी, पाय झटकायच्याही आधी वीस पावलं चालतो. मोजून वीस. मग पाय जुळवून उभा राहतो, खिशातून पितळी होकायंत्र काढतो, छातीशी धरतो आणि श्वास रोखून सुईकडे बघत बसतो. रस्त्याने जाणारा नवखा माणूस चरकतो, म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली की काय! दोघातिघांनी तर गाडी थांबवून विचारलंही आहे. "काही नाही हो, दिशा बघतोय," असं फेर्मिन म्हणाला की ते अजूनच काळजीत पडतात. एवढा सरळसोट रस्ता, त्यात दिशा कसली बघायची?

आता वीस पावलं कशाला, तर मोटरसायकल म्हणजे दोनशे किलो लोखंड. तिच्याजवळ होकायंत्र धरलं की सुई उत्तरेला सोडून इंजिनाकडेच तोंड करते. हे फेर्मिनला ठाऊक असणारच, कारण त्याने चाळीस वर्षं सरकारी जमिनींची मोजणी केली. पण दर फाट्यावर उतरायचं, वीस पावलं जायचं, वीस पावलं यायचं, पुन्हा चढायचं! बिटर क्रीक गावात हिशोब लावून ठेवलाय की फेर्मिन प्रवासात निम्मा रस्ता पायी जातो.

हा हिशोब लावणारा ग्रोव्हर लुंड. बत्तीस वर्षं टपालाची गाडी हाकली, आता हाही मोटरसायकलवर. याच्या हँडलवर एक जीपीएस, दुसरा जीपीएस, आणि ते दोघं भांडले तर न्याय करायला मोबाइल. रोज सकाळी साडेसहाला दोघं डेल्माच्या कॅफेत समोरासमोर बसतात आणि अंडी यायच्या आत जुंपते.

"ग्रोव्हर, तुझ्या हँडलवर आरसा लावायला तरी जागा उरली का रे?"

"आरसा मागचं दाखवतो. माझं यंत्र पुढचं दाखवतं."

"हो ना! ऑगस्टमध्ये दाखवलं होतं ना पुढचं. काय होतं बरं ते, डेल्मा?"

"गाईंचं डबकं," डेल्मा कॉफी ओतता ओतता म्हणाली.

"डबक्यात नेऊन वर गोड आवाजात सांगितलं, आपण मुक्कामी पोहोचलात. सगळ्या गाई उठून उभ्या राहिल्या पाहुण्याच्या मानाला!"

"मी डबक्यात दहा मिनिटांत पोहोचलो," ग्रोव्हर म्हणाला. "तुला त्याच डबक्याला दोन दिवस लागले असते. आणि पोहोचून पुन्हा वीस पावलं लांब उभा राहिला असतास."

"होकायंत्राला बॅटरी लागत नाही. उन्हात काच दिसेनाशी होत नाही. हातमोजे काढावे लागत नाहीत. आणि मुख्य म्हणजे ते हुकूम सोडत नाही. इथे वळा, तिथे वळा, मागे फिरा. मी बायकोचं ऐकलं नाही, या डबीचं ऐकू?"

"बायकोचं ऐकलं असतंस तर आज तुझ्याकडे चांगला सदरा असता," डेल्मा म्हणाली, आणि वाद तिथेच मिटला. फेर्मिनच्या बायकोला, बेगोन्याला, जाऊन सहा वर्षं झाली होती, पण डेल्माच्या कॅफेत तिचं नाव असंच यायचं, जशी ती बाहेर गाडी लावतेय आणि आत येईलच.

फेर्मिनचा हट्ट म्हणजे म्हातारपणाचा हट्ट, असं गाव समजून होतं. शिवाय, गडी मोजणीदार होता. उपग्रह आले आणि याच्या साखळीची, दुर्बिणीची, चाळीस वर्षांच्या पायपिटीची किंमत कवडीची झाली, त्याचा राग असणार. असं समजायला काही हरकत नव्हती. फेर्मिनलाही ते सोयीचंच होतं.

त्याचा बाप बास्क, स्पेनच्या डोंगरातला. मेंढ्यांच्या मागे अमेरिकेत, ऑरेगनच्या या माळावर आला आणि मेंढ्या विकल्या तरी परत गेला नाही. पोराने मात्र एकोणिसाव्या वर्षीच मेंढ्यांना रामराम ठोकला आणि मोजणीच्या टोळीत साखळी धरायला लागला. पुढे परीक्षा दिली, परवाना मिळवला. मेंढ्यांपेक्षा दगड बरे, हाकेला येत नाहीत पण पळूनही जात नाहीत, असं तो म्हणायचा.

दगड म्हणजे हद्दीचे. या सगळ्या मुलखात १८८२ साली खेचरं घेऊन मोजणीवाले फिरले होते. मैलामैलाचे चौकोन आखले आणि प्रत्येक कोपऱ्याला एक दगड पुरला. दगडाच्या कडांवर छिन्नीने खाचा पाडल्या, दक्षिणेच्या कडेला इतक्या, पूर्वेच्या कडेला इतक्या. खाचा मोजल्या की कोपरा कुठला ते कळतं. पुढे शंभर वर्षांनी फेर्मिनसारख्यांचं काम हे, की तो जुना दगड शोधायचा, डोळ्यांनी बघायचा, खाचा मोजायच्या आणि वहीत लिहून सही ठोकायची. त्या सहीवर कुंपणं उभी राहतात, वाटण्या होतात, भावाभावांची डोकी फुटायची थांबतात. आपल्याकडे बांधावरून काय काय होतं ते वेगळं सांगायला नको. तिथेही माणसं तीच.

चाळीस वर्षांत फेर्मिनने चारशे बारा दगड शोधले. दोन कुरणवाले हमरीतुमरीवर आले की म्हणायचे, "फेर्मिनला बोलवा. तो म्हणेल ती काळ्या दगडावरची रेघ." खटला नाही, वकील नाही. फेर्मिन म्हणाला ना? झालं.

आणि या चारशे बारांतला एक दगड फेर्मिनने पाहिलाच नव्हता.

क्रमांक दोनशे सत्त्याऐंशी, काळ्या पठारावरचा. चौदा नोव्हेंबर १९८१. हिमवर्षाव सुरू झालेला, दुपारीच अंधारून आलेलं, आणि कुरणावरचा एक माणूस घोड्यावरून निरोप घेऊन आला की बेगोन्याला कळा सुरू झाल्या. पहिलंच बाळंतपण, दवाखाना सत्तर मैलांवर. फेर्मिनचा तेवढा एकच कोपरा राहिला होता, अर्ध्या मैलावर. तो ट्रकमध्ये बसला, १८८२च्या नोंदीची नक्कल मांडीवर घेतली आणि वहीत उतरवलं: जुना दगड जागेवर सापडला. सोळा इंच बाय नऊ. दक्षिणेला चार खाचा, पूर्वेला दोन. इथवर ठीक होतं असं नाही, पण इथवर तरी थांबावं! नाही. नोंद खरी वाटावी म्हणून गड्याने पुढे एक शब्द आपल्या पदरचा घातला: 'स्पष्ट'. आणि सही.

वसंतात जाऊन बघून येऊ, असं त्याने तेव्हा मनाशी ठरवलं होतं. वसंतात दुसरं काम आलं. पुढच्या वर्षी तिथे कुंपण उभं राहिलं. मग लाज वाटली, मग लाजेची सवय झाली. निवृत्तीनंतर मात्र झोप लागेना. म्हणून मोटरसायकल घेतली, आणि नऊ उन्हाळे 'टूरला' म्हणून निघाला. दरवर्षी कुठूनही कुठेही गेला तरी वाट काळ्या पठाराच्या पायथ्याशी यायची. तिथे उतरायचा, वीस पावलं चालायचा, सुईकडे बघायचा. सुई डुलायची. "आज सुई ठरत नाही," असं स्वतःला सांगायचा आणि परत फिरायचा.

अशात त्याचा बाहत्तरावा वाढदिवस आला. मुलगी इदोया मटणाचा रस्सा आणि केक घेऊन घरी आली. ही जिल्हा कचेरीत नकाशे संगणकावर चढवायच्या कामाला होती, आणि बापाच्या दुप्पट हट्टी. तिने टेबलावर एक खोकं ठेवलं. फेर्मिनने उघडलं, आत जीपीएस, आणि त्याचं तोंड उतरलं.

"हे ग्रोव्हरने सांगितलं ना तुला?"

"ग्रोव्हरचं कोण ऐकतंय! बाबा, आधी सुरू तर कर. यात मी काय घातलंय बघ."

तिनेच सुरू केलं. काचेवर जिल्हा उमटला आणि त्यावर लाल ठिपक्यांचं पुरळ उठलं.

"तुझे दगड," इदोया म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता की बघवेना. "चारशे बाराच्या चारशे बारा. चार महिने जेवणाच्या सुट्टीत बसून एकेक चढवलाय, तुझ्या वह्यांवरून. आता कुठलाही निवड, हे तुला नेऊन उभं करेल. दोन पावलं इकडेतिकडे, बस्स. आजवर कुठल्या मोजणीदाराला असं मिळालंय?"

फेर्मिनने ठिपके पाहिले. डोळा फिरत फिरत खाली आग्नेयेला गेलाच. काळ्या पठारावर एकटाच ठिपका होता. त्याने चष्मा काढला आणि पुसत बसला.

"रडतोस की काय?" इदोयाने विचारलं.

"रश्शात मिरची जास्त झालीय," तो म्हणाला. मिरची त्यात नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी कॅफेत ग्रोव्हरने पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. "गडी आला आमच्या जातीत! डेल्मा, याला माझ्या खर्चाने ॲपल पाय दे."

"आला नाहीये," फेर्मिन ॲपल पाय खात म्हणाला. "भेट आहे. भेट ठेवायची असते."

"कुठे ठेवलीस?"

"मोज्यात."

खरंच मोज्यात. लोकरीच्या, गुडघ्यापर्यंतच्या. आणि तो मोजा मोटरसायकलच्या पेटीच्या तळाशी, हत्यारांच्या खाली.

जूनमध्ये बापलेक दोन दिवसांच्या टूरला निघाले. दरवर्षी जायचे नाहीत, पण या वर्षी इदोयाने आपली छोटी मोटरसायकल धुऊन पुसून दारात आणून उभी केली, मग काय बोलणार? निघताना तिने फेर्मिनच्या हँडलकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं.

"बाबा, यंत्र?"

"आहे ना. सोबत आहे."

"सोबत म्हणजे कुठे?"

"तू फार चौकशा करतेस. तुझी आई नव्हती करत."

"आई उत्तरं आधीच काढून ठेवायची, म्हणून नव्हती करत."

पहिला दिवस थाटात गेला. फेर्मिनने आठ वेळा उतरून सुई पाहिली. प्रत्येक वेळी इदोया मोटरसायकलवर बसून मोठ्याने पावलं मोजायची, अठरा, एकोणीस, वीस, आणि तो उभा राहिला की टाळ्या वाजवायची. जुन्या ओळखीचे चार दगडही तिला दाखवून झाले. एकावर कुणीतरी बिअरचा डबा ठेवला होता. फेर्मिनने तो उचलून पेटीत टाकला आणि दगडावरची धूळ टोपीने झटकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सवयीने म्हणा की आणखी कशाने, वाट काळ्या पठाराच्या पायथ्याशी आलीच. तिथे माती संपते आणि काळा कातळ सुरू होतो. फेर्मिन उतरला. वीस पावलं. होकायंत्र. सुई डावीकडे गेली, उजवीकडे गेली, पुन्हा डावीकडे.

"आज सुई ठरत नाही," तो म्हणाला. "चल, परत फिरू. डेल्माकडे जेवायला पोहोचू."

इदोया या वेळी टाळ्या वाजवायला विसरली. ती उतरून त्याच्याजवळ आली, सुईकडे पाहिलं, मग पायाखालच्या कातळाकडे.

"बाबा, मी नऊ वर्षांची असताना तू मला इथलाच दगड हातात दिला होतास. होकायंत्रापाशी धर म्हणालास. सुई गरकन फिरली. तेव्हा काय सांगितलंस आठवतं?"

"लहान मुलांना काय वाटेल ते सांगतो माणूस."

"या कातळात लोखंड आहे, असं सांगितलंस. इथे होकायंत्रावर भरवसा ठेवणारा मोजणीदार गाढव असतो, असं सांगितलंस. ऑरेगनमध्ये होकायंत्र काढायला याच्यापेक्षा वाईट जागा नाही, आणि ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. मग इथे येऊन हे काय चाललंय तुझं?"

फेर्मिन पुन्हा सुईकडेच बघायला लागला.

"सुईला नावं ठेवू नकोस. तुलाच जायचं नाहीये. काय आहे वर?"

बापाला खोटं बोलायला एकदाच जमलं होतं, तेही कागदावर. तोंडावर त्याला कधी जमलं नाही. तो कातळावर बसला आणि सगळं सांगून टाकलं. दोनशे सत्त्याऐंशी. बर्फ आलं, घाई होती, ट्रकमध्ये बसून लिहिलं. 'स्पष्ट' हा शब्दसुद्धा सांगितला. घाई कसली होती ते मात्र त्याने सांगितलं नाही.

इदोया त्याच्याशेजारी कातळावर बसली. तिने चार महिने जेवणाच्या सुट्ट्या घालवून चढवलेले ते ठिपके होते. बाप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे तिने शाळेत असल्यापासून ऐकलं होतं, आणि कचेरीत कुणी म्हणालं की मान ताठ करून ऐकायची.

"आणि दगड नसलाच तर?" तिने विचारलं.

"तर दोन कुरणांचं कुंपण माझ्या थापेवर उभं आहे. एकेचाळीस वर्षं. मग माझे बाकीचे चारशे अकरा कोण खरे मानेल? मी तरी का मानावेत?" त्याने होकायंत्र खिशात टाकलं. "मला भीती वाटते, इदोया. या डबीचं हेच वाईट आहे. सुईबरोबर माणूस नऊ वर्षं शोधत राहू शकतो. ही डबी नेऊन उभं करते."

इदोयाने हात पुढे केला नाही, समजूतही घातली नाही. "मग ठरव," ती म्हणाली. "होकायंत्र की जीपीएस. तुम्ही दोघं म्हातारे रोज सकाळी यावरच भांडता ना? कर आता निकाल. मी थांबते."

फेर्मिन उठला. मोटरसायकलपाशी गेला, पेटी उघडली, पाने काढले, पक्कड काढली, बिअरचा डबा काढला आणि तळातून मोजा ओढला.

"मोज्यात?" इदोया किंचाळली. "साडेचारशे डॉलरचं यंत्र मोज्यात?"

"धुतलेला आहे."

मग ते दोघं चालत वर निघाले. यंत्र फेर्मिनच्या हातात होतं, आणि त्याने ते तापलेल्या तव्यासारखं दोन बोटांनी धरलं होतं. आठशे पावलं उरली, मग सहाशे, तीनशे. सेजब्रशची झुडपं गुडघ्याला घासत होती. वाटेत दोनदा त्याने बुटाची नाडी बांधली. दुसऱ्यांदा ती सुटलेलीच नव्हती. इदोयाने पाहिलं, पण छेडलं नाही. शेवटी यंत्राने घंटी वाजवली आणि दोघं थांबले.

आजूबाजूला झुडपं, काळे दगड आणि वारा. दगड म्हणावेत तर लाखभर, आणि सगळे एका आईचे.

"ग्रोव्हरसारखंच झालं," फेर्मिन पुटपुटला. "डबक्यापर्यंत आणून सोडतं. पुढचं आपणच बघायचं." आणि बाहत्तर वर्षांचा तो गडी गुडघ्यांवर आला. झुडपांची खोडं बाजूला सारत, हाताने माती उकरत सरकू लागला. हे मात्र त्याला येत होतं. उपग्रहाला हे येत नाही. कुठला दगड पडलाय आणि कुठला माणसाने बसवलाय हे तळव्याला कळतं, असं तो टोळीतल्या नव्या पोरांना शिकवायचा. इदोयाही रांगायला लागली.

वीसेक मिनिटांनी फेर्मिनचा हात एका जुन्या झुडपाच्या मुळाशी थबकला.

उभा पुरलेला दगड होता. डोकं तेवढं बाहेर. त्याने नखाने शेवाळ खरवडलं. दक्षिणेच्या कडेला एक, दोन, तीन, चार खाचा.

"आहे," तो म्हणाला, आणि त्याला रडूच कोसळलं. "आहे गं. जागेवर आहे. अगदी जागेवर!"

इदोया धावत आली. बापाची पाठ थोपटली, स्वतःचे डोळे पुसले. "बघ! नऊ वर्षं उगीच जीव जाळलास. कुंपण बरोबर, वही बरोबर, सगळं बरोबर. पूर्वेला दोन म्हणालास ना? एक, दोन..." ती थांबली. "तीन?"

फेर्मिनने वाकून पाहिलं. पूर्वेच्या कडेला तीन खाचा होत्या. दोन खोल, नीट. तिसरी अर्धवट, आणि तिच्यावर छिन्नीने ठोकठोक ठोकून ती बुजवायचा प्रयत्न केलेला. १८८२ साली कुणीतरी थकलेल्या गड्याने एक खाच जादा पाडली होती. चूक कळल्यावर पुसायला बघितलं होतं. आणि कागदावर मात्र शहाण्याने दोनच लिहिल्या होत्या, जशा असायला हव्यात तशा.

फेर्मिन हळूहळू मातीत बसला. मग त्याला हसू यायला लागलं. पोट धरून, खोकला येईपर्यंत हसला.

"काय झालं?" इदोयाला वाटलं, आता खरंच छातीत कळ आली.

"अगं, जो कुणी हा दगड डोळ्यांनी बघेल, त्याला ही तिसरी खाच दिसल्याशिवाय राहायची नाही. आंधळ्यालाही दिसेल. आणि मी लिहिलंय काय? दोन. स्पष्ट! परीक्षेत शेजारच्याची नक्कल करावी आणि त्याचं नावसुद्धा उतरवून घ्यावं, तशी गत. एकेचाळीस वर्षं हा दगड इथे साक्षीला उभा आहे की उगाल्दे इथे आलाच नव्हता."

"पण कुणाचं काही बिघडलं नाही ना," इदोया म्हणाली. "कुंपण बरोबरच आहे. तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला कळणारही नाही."

"मला कळलं ना."

त्याने जाकिटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला. नोंद दुरुस्तीचा सरकारी फॉर्म होता, कोरा. घड्यांवर फाटायला आलेला. नऊ उन्हाळे तो खिशात फिरत होता हे इदोयाला बघूनच कळलं. फेर्मिनने मांडीवर यंत्राची काच ठेवली, तिच्यावर कागद ठेवला आणि लिहायला लागला. तिच्याइतकी सपाट वस्तू पठारावर दुसरी नव्हती. जागेवर जाऊन दगड प्रत्यक्ष पाहिला. दक्षिणेला चार खाचा. पूर्वेला तीन, त्यातली एक बुजवलेली. आधीची नोंद प्रत्यक्ष न पाहता केली होती. शेवटचा रकाना होता, चुकीचं कारण. तिथे त्याने एकच शब्द लिहिला: हलगर्जीपणा.

इदोया खांद्यावरून वाचत होती. "आधीच्या नोंदीची तारीख राहिली," ती म्हणाली.

फेर्मिन जरा घुटमळला, मग लिहिली. चौदा नोव्हेंबर १९८१.

तिने तारीख वाचली. पुन्हा वाचली. मग ती समोर येऊन उकिडवी बसली.

"बाबा. ही घाई होती तुझी?"

"बर्फ पण होतं."

"आणि पोहोचलास का तरी वेळेवर?"

"नाही," फेर्मिन म्हणाला. "ट्रक ओढ्यात रुतला. तू मला दुसऱ्या दिवशी न्याहारीला भेटलीस."

"म्हणजे खोटंही लिहिलंस आणि उशीरही केलास!"

"दुसऱ्यावरून तुझी आई मरेपर्यंत बोलायची. पहिलं मी तिला सांगितलंच नाही. एका वेळी एकच पुरे, म्हटलं."

इदोया हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने त्याच्या हातातलं पेन ओढलं. "ते हलगर्जीपणा खोड आधी. मुलगी झाली, असं लिही. हा कागद सोमवारी माझ्याच टेबलावर यायचाय. बघू कोण नामंजूर करतं ते!"

फेर्मिनने पेन तिच्या हातातून अलगद परत घेतलं.

"नको," तो म्हणाला. "त्या रकान्यात तू नकोस. तिथे चुका लिहितात. त्या दिवशी मी एकच चूक केली, इदोया. ती तू नव्हतीस."

मग त्याने सही केली, आणि साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवून पेन तिच्यापुढे धरलं.